वाचकांचे प्रश्न : ओरायनचा पट पुन्हा मांडताना

प्रश्न : स.न.वि.वि. मी आणि माझे दोन मित्र अभियंते असून बेळगावातच राहून घरून नोकरी करतो. शाळेत असताना शहापुरातील एका संगणक वर्गात, सरांची नजर चुकवून, आम्ही ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा अंतराळातील डावपेचांचा खेळ खेळत असू. माऊस एकाच्या हातात आणि सल्ले तिघांचे. हा खेळ आजच्या मुलांसाठी नव्याने तयार करावा, असे आमच्या मनात आहे. परंतु माझ्या धाकट्या भावाला मूळ खेळ दाखवला, तेव्हा ‘यात काही घडतच नाही’ असे म्हणून तो दहा मिनिटांत उठला. जुन्यातील काय ठेवावे आणि काय टाकावे?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : धाकट्या भावाला पुन्हा एकदा बसवा आणि या वेळी त्याच्या शेजारी गप्प बसून केवळ पाहा. तो कंटाळला ते खेळ संथ आहे म्हणून, की जे घडते आहे ते त्याला दिसतच नाही म्हणून, हे ठरल्याखेरीज पुढचे काहीच ठरणार नाही. माझा तर्क दुसऱ्या कारणाकडे झुकतो.

हा खेळ 1993 मध्ये आला. सिमटेक्स या छोट्या कंपनीने तो तयार केला, स्टीव्ह बार्सिया हे त्याचे मुख्य रचनाकार होते आणि मायक्रोप्रोजने तो प्रकाशित केला. ॲलन एमरिक यांनी ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ मासिकात त्याची ओळख करून देताना जो ‘फोर-एक्स’ शब्द वापरला, तोच पुढे या संपूर्ण प्रकाराचे नाव झाला : शोध (एक्सप्लोर), विस्तार (एक्सपांड), दोहन (एक्सप्लॉइट) आणि संहार (एक्सटर्मिनेट). तथापि या चार क्रिया तर इतर अनेक खेळांतही आहेत. ओरायनचे वेगळेपण त्याच्या काटकसरीत आहे. एका ग्रहाचा सगळा कारभार पाच स्लायडरवर, म्हणजे पडद्यावरील सरकत्या पट्ट्यांवर, चालतो : जहाजे, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन. पाच-दहा सेकंदांत ते सरकवून आपण पुढच्या ग्रहाकडे वळतो, आणि त्या सरकवण्याचे बरेवाईट फळ मात्र पन्नास चालींनंतर पदरात पडते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि नवा माणूस सर्वप्रथम नेमकी तीच बिघडवतो. या खेळात संशोधनाची सहा क्षेत्रे आहेत. पण प्रत्येक डावात काही शोध तुमच्या वंशाच्या (ज्या अंतराळवासीयांचे राज्य तुम्ही चालवता त्यांच्या) यादीतून मुळातच गळलेले असतात, आणि कोणते गळले हे डावागणिक बदलते. हवा असलेला शोध आपल्याकडे लागणारच नसेल, तर तो शेजाऱ्याकडून देवाणघेवाणीने मिळवावा, हेर पाठवून चोरावा किंवा त्याचा ग्रह जिंकून हस्तगत करावा, एवढेच मार्ग उरतात. म्हणजे मैत्री, हेरगिरी आणि युद्ध या तिन्हींची गरज या एका उणिवेतून निर्माण होते. ‘सर्वांना सर्व शोध उपलब्ध’ अशी सुधारणा कोणी केली, तर चित्रे कितीही देखणी असोत, ओरायन संपला असे समजावे.

या मालिकेचा पुढचा प्रवास तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो. 1996 च्या दुसऱ्या भागात प्रत्येक ग्रहावर इमारतींची यादी आली. तो भाग पुष्कळांचा लाडका आहे, परंतु साम्राज्य वाढल्यावर त्यातील एकेक चाल गावच्या पंचायतीच्या सभेसारखी लांबत जाते, म्हणून माझे मत पहिल्या भागाकडेच पडते. 2003 च्या तिसऱ्या भागाने हा व्याप यंत्राच्या कारभाऱ्यांवर सोपवला आणि खेळाडूच्या हाती अहवाल वाचण्याखेरीज फारसे काही ठेवले नाही. 2016 मध्ये अर्जेंटिनातील एनजीडी स्टुडिओजने नवा ओरायन आणला, तेव्हा चेहरे आणि आवाज उत्तम जमले. मात्र पहिल्या दोन भागांप्रमाणे इंधनाच्या पल्ल्यात असेल त्या ताऱ्याकडे मोकळेपणाने जाण्याऐवजी ठरलेल्या वाटांनीच जावे लागू लागले आणि चाली-चालींची लढाई जाऊन सलग वेळेत चालणारी लढाई आली. जुने खेळाडू कुरकुरले, आणि त्यांची कुरकुर निव्वळ हट्टाची नव्हती.

आणखी दोन उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. 1999 च्या ‘होमवर्ल्ड’ या अंतराळयुद्धाच्या खेळाचे नूतनीकरण गिअरबॉक्स कंपनीने 2015 मध्ये केले, ते दुसऱ्या भागाच्या इंजिनावर (खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामवर) बसवून. मूळ खेळात झाडलेली गोळी अवकाशातून खरोखर प्रवास करीत असे, त्यामुळे लढाऊ विमानांचा ताफा कोणत्या व्यूहात उडतो याला अर्थ होता. दुसऱ्या भागाच्या इंजिनात नेम लागणे-न लागणे शक्यतेच्या गणितावर ठरत असे. चित्र डोळे दिपवणारे झाले आणि व्यूह निरर्थक ठरले. ते पुन्हा जागेवर आणण्यासाठी 2016 मध्ये मोठा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा प्रोग्राम, काढावा लागला. याउलट 2017 च्या ‘स्टारक्राफ्ट : रीमास्टर्ड’ने 1998 च्या खेळाचे हाडही हलवले नाही. एका वेळी बाराच सैनिक निवडता येण्याची जुनी मर्यादासुद्धा तशीच ठेवली, कारण कोरियातील व्यावसायिक खेळाडूंचे सगळे कौशल्य तिच्याभोवती घडले होते. एक कळ दाबली की जुने चित्र, पुन्हा दाबली की नवे. खालचा खेळ तोच.

संगीत नाटकांच्या पुनरुज्जीवनात हाच प्रश्न येतो. (अण्णासाहेब किर्लोस्करांचे जन्मगाव गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातले, म्हणून हा दाखला देण्याचा मोह आवरत नाही.) रात्रभर चालणारे नाटक तीन तासांत बसवताना पदे कापावीच लागतात, पण ज्या पदावर पुढचा प्रवेश उभा आहे ते पद कापले, तर प्रेक्षकाला कथाच कळत नाही. तुम्ही हाताचे श्रम कापा, डोक्याचे कापू नका. नकाशा सतत सरकवणे, दहा ग्रहांवरील जहाजांना तोच हुकूम दहा वेळा देणे, चुकीची क्लिक मागे घेता न येणे, हे सगळे खुशाल जाऊ द्या. कोणता शोध आधी हाती घ्यावा, कोणत्या शेजाऱ्याला किती काळ गोंजारावे, एका वेळी सहाच प्रकारची जहाजे ठेवता येत असताना कोणता जुना आराखडा मोडीत काढावा, हे पेच ठेवा. भावासाठी एवढे करा की स्लायडर हलवताच ‘इतक्या वर्षांत इतके कारखाने’ हे तिथेच ठसठशीत दिसेल, आणि प्रत्येक चालीच्या शेवटी काय बदलले ते दोन ओळींत कळेल.

काम नियमांपासून सुरू करा, चित्रांपासून नव्हे. साधे चौकोन आणि आकडे घेऊन खेळ उभा करा, शेजारच्या पडद्यावर मूळ खेळ चालवा आणि दोन्हींत तीच चाल खेळून आकड्यांचा ताळा जुळतो का ते पाहा. रे फाउलर यांनी जावा भाषेत लिहिलेला ‘रेम्नंट्स ऑफ द प्रिकर्सर्स’ हा पहिल्या ओरायनचाच नवा अवतार असून त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला आहे. स्वतःची एक ओळ लिहिण्यापूर्वी तो वाचावा, असा माझा आग्रह राहील.

प्रश्न : माझ्याकडे याच खेळाची जुनी सीडी आहे. नव्या लॅपटॉपवर ती घातली की ‘हा प्रोग्राम चालू शकत नाही’ एवढाच संदेश येतो. माझा मुलगा म्हणतो, मूळ कंपनी केव्हाच बंद पडली, तेव्हा हा खेळ सुधारून सर्वांना वाटायला हरकत नाही. हे खरे काय?
– एक शिक्षक, निपाणी

उत्तर : सीडीचे दुखणे साधे आहे. त्या काळचे प्रोग्राम आणि इन्स्टॉलर 16 बिटांचे असत आणि 64 बिटांचे विंडोज ते चालवतच नाही. ‘डॉसबॉक्स’ हा मोफत प्रोग्राम लॅपटॉपच्या आत जुन्या डॉस संगणकाचे सोंग उभे करतो. त्यात पहिला ओरायन सुखाने चालतो. पडद्याचे प्रमाण 4:3 ठेवण्याची सूचना त्यात अवश्य द्यावी. मूळ चित्र 320 बाय 200 पिक्सेलचे होते, पण जुन्या मॉनिटरवर ते उभे ताणून दिसे. तसे न केल्यास गोल ग्रह भोपळ्यासारखे चपटे दिसतात.

मुलाचे म्हणणे मात्र खरे नाही. कंपनी बंद पडली म्हणून खेळ बेवारस होत नाही. जमीन घेताना आपण उतारा काढून पाहतो, तसा हक्कांचाही उतारा पाहावा लागतो. ओरायनचे हक्क मायक्रोप्रोजकडून हॅस्ब्रोकडे, तेथून इन्फोग्राम्सकडे म्हणजे पुढच्या अटारीकडे, आणि अटारीच्या दिवाळखोरीनंतर 2013 च्या लिलावात वॉरगेमिंगकडे गेले. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कलम 52 प्रमाणे कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला स्वतःसाठी राखीव प्रत काढता येते आणि प्रोग्राम कसा चालतो याचा अभ्यासही करता येतो. वाटप करता येत नाही.

खेळामागील कल्पनेवर आणि नियमांवर मात्र अशी मालकी नसते. म्हणून शहापूरच्या तिघा मित्रांना तशाच नियमांचा खेळ स्वतःच्या कोडने, स्वतःच्या चित्रांनी, वेगळ्या नावाने आणि वेगळ्या वंशांसह करता येईल. नावाचे प्रकरण किती नाजूक असते ते ‘स्टार कंट्रोल 2’ वरून दिसते. 1992 च्या या खेळाचे निर्माते फ्रेड फोर्ड आणि पॉल राईश यांनी 2002 मध्ये त्याचा सोर्स कोड मुक्त केला, पण नावाचा हक्क त्यांच्याकडे नव्हता. त्यामुळे तो मुक्त खेळ ‘द उर-क्वान मास्टर्स’ या वेगळ्या नावाने काढावा लागला. आपण सीडीची प्रत मात्र आजच हार्ड डिस्कवर काढून ठेवा. तिच्यावर एकदा बुरशी चढली की कायद्याने दिलेली सवलतही उपयोगी पडणार नाही.

प्रश्न : असा खेळ मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत निघाल्यास आमच्या भागातील मुले तो आवडीने खेळतील. जुन्या खेळातील इंग्रजी वाक्ये काढून तेथे आपली घातली की झाले, असे समजावे काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : तसे समजू नये. जुन्या खेळाचे अक्षर सुमारे आठ पिक्सेल उंचीचे. तेवढ्यात शिरोरेषा, वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा कोठून मिळणार? शिवाय तो खेळ एकामागून एक सुटी अक्षरे डावीकडून उजवीकडे मांडत जातो. आपल्याकडे ‘कि’मधील वेलांटी उच्चारात मागून येते आणि कागदावर आधी बसते; कन्नडमध्ये जोडाक्षराचे दुसरे व्यंजन खाली उतरते. त्यामुळे अक्षरजुळणी समजणारे इंजिन हवे. गोडो या मोफत इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीपासून ती सोय आहे. तपासणीसाठी ‘ताऱ्यावर’ हा एक शब्द पुरे : त्यातील ‘ऱ्या’ नीट उमटला, तर बाकीचे बहुधा उमटते. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ असलेला फॉन्ट निवडावा, एवढे जाता जाता सांगतो.

खरा घोटाळा व्याकरणाचा आहे. इंग्रजी खेळ एकच वाक्य साठवतो आणि मोकळ्या जागी नाव भरतो. मराठीत ग्रह उद्ध्वस्त ‘झाला’, वसाहत उद्ध्वस्त ‘झाली’, जहाज उद्ध्वस्त ‘झाले’. आणि ‘तारा’ला ‘वर’ जोडले की ‘तारावर’ चालत नाही. म्हणजे प्रत्येक नामाबरोबर त्याचे लिंग आणि सामान्यरूप नोंदवून ठेवावे लागेल. ही नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली तर काम सोपे आहे. खेळ पूर्ण झाल्यावर ठेवू म्हटले, तर प्रत्येक वाक्य पुन्हा लिहावे लागेल. कन्नड मजकूर मराठीवरून भाषांतरित न करता कन्नडभाषक मित्राकडूनच लिहून घ्यावा.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात लाईट केव्हा जाईल याचा नेम नसतो. दोन तासांचा डाव वाया जातो. नव्या खेळात यावर काही उपाय?
– एक वाचक, जांबोटी

उत्तर : चालींच्या खेळात हा उपाय सोपा आहे : प्रत्येक चालीनंतर डाव आपोआप साठवावा आणि मागच्या चार-पाच प्रती राखाव्यात. साठवताना जुन्याच फाईलवर लिहू नये. नवी फाईल पूर्ण लिहून झाल्यावरच तिला जुनीचे नाव द्यावे. म्हणजे लिहिता लिहिता लाईट गेली, तरी आधीची चाल शाबूत राहते.