काटा नसताना २४० ग्रॅम शिजवलेले चणे वाटीनं कसे मोजायचे?

तुम्ही विचारलंय की कृतीत '२४० ग्रॅम शिजवलेले काबुली चणे' लिहिलंय, घरी काटा नाही, तर वाट्या किती घ्यायच्या? मापाचे कप असतील तर दीड कप. म्हणजे २४० मिलीचा कप, चहाचा नव्हे. त्यात निथळलेले चणे १६५ ग्रॅमच्या आसपास बसतात. हा २४० आकडा बहुधा डबाबंद चण्यांवरून आलेला असतो. ४०० ग्रॅमच्या डब्यातलं पाणी काढलं की साधारण तेवढेच चणे उरतात.

मी यवतमाळकडच्या एका गावात शाळेचा पोषण आहार शिजवते. आमच्याकडे सगळा हिशोब कच्च्या मालाचा: पाचवीपर्यंतच्या लेकराला २० ग्रॅम डाळ-कडधान्य, सहावी ते आठवीला ३०. म्हणून कच्च्याचं शिजलेलं किती होईल, हे मला रोजच पाहावं लागतं. तुम्हालाही मी कच्च्यावरूनच मोजायला सांगेन. १०० ग्रॅम कोरडे चणे भिजवून शिजवले की २२० ते २४० ग्रॅम होतात. म्हणजे तुम्हाला १०० ते ११० ग्रॅम कोरडे चणे पुरतील.

आता तुमची वाटी ओळखून घ्या. एक लिटरची पाण्याची बाटली भरा आणि ती किती वाट्यांत रिकामी होते ते बघा. साडेसहा वाट्या झाल्या तर वाटी दीडशे मिलीची. अशा वाटीत कोरडे चणे सव्वाशे ग्रॅम मावतात, म्हणजे अर्धा किलोच्या पाकिटातून चार वाट्या निघतात. पाकिटावर वजन छापलेलंच असतं, काट्याची गरजच नाही. तुमच्या कामाला पाऊण वाटीहून थोडे जास्त कोरडे चणे भिजवा. शिजल्यावर त्याच वाटीनं सव्वादोन वाट्या, वर मूठभर दाणे, एवढं भरायला हवं.

भरताना मात्र नीट भरा. दाणे गंजातून चाळणीत काढायचे, पाणी थेंबथेंब गळायचं थांबलं की वाटीत सोडायचे. दाबायचे नाहीत, वाटी आपटायची नाही, वरून बोट फिरवून सपाट करायचं. पाण्यासकट डावानं भरलेली वाटी आणि ही वाटी यांच्यात चांगलाच फरक पडतो, कारण दाण्यांमधल्या फटींत पाणी बसतं.

दुसऱ्या कडधान्याला हाच आकडा लावू नका. प्रत्येकाच्या वाटीचं वजन वेगळं भरतं. अख्खे मूग, मसूर शिजवून २४० मिलीच्या कपात २०० ग्रॅमपर्यंत जातात. बरबटी (चवळी), अख्खी तूर १७०च्या जवळपास, राजमा १७५-१८०. वरणाला तर असं माप लावूच नका. घोटलेल्या डाळीत पाणी किती घालायचं ते ज्याच्या त्याच्या हातात, त्यामुळे तिथे कोरडी डाळच मोजा.

थंडीत तुरीचे ओले सोले वापरणार असाल तर दुप्पट-अडीचपटीचा हिशोब विसरा. त्यांच्यात पाणी आधीच असतं, शिजून ते फारसे फुगत नाहीत. जेवढे लागतील जवळपास तेवढेच सोलून घ्या.