"म्हणजे चूक माझीच का?"

"मॅडम, वरचे ऐकत नाहीत, खालचे ऐकत नाहीत. मधल्या मधे मी भरडला जातोय." मी समुपदेशनासाठी चिंचवडला बसते म्हणून असेल, पण कारखान्यातल्या माणसांकडून हे मी सतत ऐकते.

हे गृहस्थ भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये पहिल्या पाळीचे इनचार्ज. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) झोप उडालेली, घरी चिडचिड. तासभर बोलले. दुसऱ्या पाळीवाले सेटिंग बिघडवून जातात, मेंटेनन्सला माणसं नाहीत, सकाळचे पहिले पाच-सहा जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले भाग, रिजेक्ट होतात आणि मीटिंगमध्ये बोलणी यांना बसतात. यातलं काही खोटं वाटलं नाही.

घाई मी केली. विचारलं, "यात तुम्ही काय करू शकता?"

ते ताडकन म्हणाले, "म्हणजे चूक माझीच का?"

त्यांचं बरोबर होतं. 'ओनरशिप घ्या' हे हल्ली बरेचदा माणसं किंवा अधिकार न देता काम वाढवताना म्हटलं जातं. ऐकणाऱ्याला त्यात आरोपच ऐकू येणार. चूक कुणाची आणि आपला हात कुठवर पोचतो, हे दोन वेगळे प्रश्न. मी त्यांची खिचडी केली होती. तसं त्यांना सांगितलंही.

ज्युलियन रॉटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडलं होतं की घडणाऱ्या गोष्टींचा लगाम आपल्या हाती आहे की नशिबाच्या आणि दुसऱ्यांच्या, याबद्दल माणसाची एक धारणा बनलेली असते. सगळं दुसऱ्यांच्याच हाती आहे असं एकदा मनाने घेतलं की हातातलंही सुटतं. पण नसलेला लगाम आहे म्हणायला लावणं, तेही वाईटच.

मग म्हटलं, "परवाचा एकच दिवस सांगा. दुपारी तीनपासून."

पाळी साडेतीनला सुटते. नाशिक फाट्याची गर्दी चुकवायला हे तीन वीसलाच गाडीला किक मारतात. दुसऱ्या पाळीचा सेटर, म्हणजे मशीनचं सेटिंग करणारा, साडेतीनला येतो.

"मग तुमची गाठ कधी पडते?"

"व्हॉट्सॲपवर," म्हणाले, आणि गप्प झाले.

पुढच्या आठवड्यात मोबाइलवर रजिस्टरचा फोटो घेऊन आले. टूल झिजेल तसा सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, ऑफसेट बदलावा लागतो; ऑफसेट म्हणजे झीज भरून काढायला मशीनला दिलेला आकडा. किती बदलला ते लिहिलं नाही, तर पुढच्या पाळीचा पहिला जॉब अंदाजानेच निघतो. दुसऱ्या पाळीचा ऑफसेटचा रकाना कोरा होता. पहिल्या पाळीचाही कोरा, आणि खाली यांची सही.

"आठ महिने त्यांच्या नावाने खडे फोडतोय मी," म्हणाले आणि स्वतःच हसले.

आता ते पंधरा मिनिटं थांबतात. पहिल्या दिवशी सेटरने विचारलं होतं, "साहेब, गाडी पंक्चर आहे का?" दोघं मिळून एक जॉब मोजतात, रकाना भरतात. रिजेक्शन बंद झालेलं नाही, कमी झालंय. मेंटेनन्ससाठी त्यांनी मशीन किती तास बंद राहिलं याचा हिशोब मांडून अर्ज दिला. वरून अजून उत्तर नाही. त्याचा राग त्यांना येतो, आणि तो गिळा असं मी सांगत नाही.

परवा निघताना दारातून वळून म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी चारची नको, पाचची वेळ द्या. चारला पोचणं जमत नाही आता."