मुदत ठेव मोडून स्वयंगतीची पदवी घ्यावी का?

प्रश्न : वय ३६, राहणार भोसरी. चाकणला एका गोदामात सुपरवायझर आहे. बी.कॉम. अर्धवट राहिले. हाती पगार ४२,००० रुपये, गृहकर्जाचा हप्ता १४,००० आणि मुदत ठेव तीन लाखांची. एका परदेशी संस्थेची ऑनलाइन पदवी आपापल्या गतीने पूर्ण करता येते. सहामाही शुल्क ९०,००० रुपये. अनुभवी माणूस ती वर्षात संपवतो, असे त्यांचा प्रतिनिधी सांगतो. ठेव मोडू का?

उत्तर : ही शिक्षणपद्धती बनावट नाही. अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेले वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठ याच तत्त्वावर चालते. तिथे वर्गातले तास मोजले जात नाहीत. विषय येतो हे परीक्षेतून किंवा प्रकल्पातून सिद्ध केले की विद्यार्थी पुढे जातो, आणि शुल्क विषयागणिक नव्हे तर सहा महिन्यांच्या सत्राला ठरावीक असते. त्यामुळे पदवीची किंमत संस्थेपेक्षा आपला वेग ठरवतो. वर्षात संपली तर १,८०,००० रुपये, तीन वर्षे लागली तर ५,४०,०००. म्हणजे चौथ्या सहामाहीचे शुल्क भरण्याआधीच आपली ठेव अपुरी पडेल. शेवटचा एकच विषय आठवडाभर लांबला, तर पूर्ण सत्राचे पैसे पुन्हा भरावे लागतील का, हे करारात वाचावे. पाळ्या सांभाळून, संध्याकाळी मोशीच्या कोंडीतून घरी पोहोचणाऱ्या माणसाकडे अभ्यासाला किती तास उरतात, याचा हिशेब प्रतिनिधीने केलेला दिसत नाही.

दुसरा मुद्दा मान्यतेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या तरतुदींनुसारही तीन वर्षांची पदवी फार तर एक सत्र लवकर पूर्ण करता येते, त्यामुळे वर्षभरात मिळालेली परदेशी पदवी आपल्या कंपनीत बढतीसाठी ग्राह्य धरली जाईल का, हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्यावे. दरमहा ३,००० रुपये वाढ मिळाली, तरी १,८०,००० वसूल व्हायला पाच वर्षे लागतात.

कर्ज काढून कर वाचवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही बाजूला ठेवावा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील आयकराची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि एवढ्या पगारावर त्या प्रणालीत आपल्याला मुळात कर लागतच नाही.

ठेव मोडू नये, असे माझे मत आहे. घरखर्च आणि हप्ता धरून ती आपली सात-आठ महिन्यांची तजवीज आहे. आपल्याला हवी असलेली सवड नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूमध्येही आहे. इग्नूची तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, आणि तिथली बी.कॉम. महिन्याच्या पगारातून थोडे बाजूला काढून भागेल. जुन्या गुणपत्रिका घेऊन अभ्यास केंद्रावर जावे आणि उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक धरले जातील का, हे प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच विचारावे.