पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव

प्रश्न : मी ४९ वर्षांची असून शाहूपुरीत राहते. पाळी जाऊन दीड वर्ष झाले, तरी गेल्या आठवड्यात अंगावरून पुन्हा रक्त गेले. जाऊबाई म्हणतात, “या वयात असं व्हायचंच.” रात्री घामाने उशीही भिजते.

उत्तर : ताई, सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात, त्यानंतर एखादा डाग जरी दिसला, तरी तो अंगावर काढू नये. बहुधा योनीमार्गाच्या कोरडेपणासारखे साधे कारण निघते, परंतु गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे पहिले लक्षणही हेच असू शकते, म्हणून याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी व सोनोग्राफी करून घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयातही स्त्रीरोग विभाग आहे. घाम इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटल्याने येतो व त्यावर उपचार आहेत. मात्र रक्तस्रावाचे निदान होईपर्यंत हार्मोनच्या गोळ्या मनाने घेऊ नका.