वणवा शेकडो किलोमीटर दूर असेल तर धुराचा त्रास होतो का? आई-बाबा उन्हाळ्यात टोरांटोला येणार आहेत, बाबांना दमा आहे.

हो, होतो. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या जंगलांतला धूर थेट न्यूयॉर्कपर्यंत पोचला, आकाश नारिंगी झालं आणि ७ जूनला तिथला हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय; आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट) ४०० च्या वर गेला. आग मात्र कित्येक शे किलोमीटर लांब होती.

खरा धोका पीएम २.५ या धुरातल्या अतिसूक्ष्म कणांचा. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे, म्हणून नाक-घसा त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसात खोल उतरतात, काही रक्तातही जातात. डोळे चुरचुरणं, खोकला हे सगळ्यांनाच होतं, पण दम्याचा झटका आणि हृदयविकाराचा त्रासही वाढतो. हृदयाचं लोक विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. वयस्कर माणसं, लहान मुलं, गरोदर बायका यांना जास्त जपा.

बाबांचा पंप आणि रोजची औषधं पुरून उरतील इतकी सोबत द्या, आणि निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना भेटाच. धुराच्या दिवशी खिडक्या बंद ठेवा, हेपा फिल्टरचं (बारीक कण गाळणारं) हवा शुद्ध करायचं यंत्र झोपायच्या खोलीत लावा, सकाळचा फेरफटका टाळा. उदबत्ती आणि फोडणीचा धूरही त्या दिवशी नको. बाहेर जावंच लागलं तर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. रुमाल किंवा कापडी मास्क हे कण अडवत नाही.

छातीत दुखलं किंवा पंप घेऊनही धाप थांबली नाही, तर वाट न बघता ९११ ला (तिथला आपत्कालीन नंबर) फोन करा.