कोकमाच्या लेबलावरचा ब्रश

प्रश्न : आमचा घरगुती कोकमाचा व्यवसाय आहे. 'काकूंचे कोकम' हे नाव सुक्या ब्रशने ओढल्यासारख्या खरखरीत फॉन्टमध्ये घेतलं. संगणकावर देखणं दिसलं, पाऊचवर मात्र अक्षरं डागाळल्यासारखी आली. फॉन्ट चुकला की छपाई? सोबत पाऊच पाठवते आहे.
– एक वाचक भगिनी, कुडाळ

उत्तर : ताई, चुकलं ते माप. या फॉन्टची सगळी शोभा अक्षरांतल्या पांढऱ्या चिरांमध्ये असते. पोस्टरवर, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर, टी-शर्टवर त्या खुलतात. तुमच्या पाऊचवर नाव जेमतेम तीन बोटं रुंद आहे. प्लॅस्टिकवर शाई थोडी पसरतेच. काही चिरा बुजल्या, काही राहिल्या, म्हणून ते डाग. नाव पाऊचभर रुंद घ्या आणि खऱ्या मापाची प्रिंट फळीवर ठेवून चार पावलांवरून वाचून बघा.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. तुमच्या नावात 'क' चारदा येतो आणि चारही 'क'च्या पोटात, त्याच जागी, तीच तिरकी चीर आहे. हाताने लिहिताना असं कधीच होत नाही. काही फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं भरलेली असतात, ती आलटून पालटून येतात. देवनागरीत असे फॉन्ट माझ्या पाहण्यात फार थोडे आहेत.

शिरोरेषेचंही तेच. हाताने ती एका दमात ओढतात, रंग शेवटाकडे विरत जातो. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येतं, त्यामुळे तुमच्या 'कोकम'वर रंग तीनदा संपतो नि तीनदा भरतो. रोजे एक्सकोफाँ या फ्रेंच अक्षररचनाकाराने १९५३ साली स्वतःच्या हस्ताक्षरावरून 'मिस्त्राल' हा रोमन टाइप केला, तेव्हा त्यालाही धातूच्या खिळ्यांमध्ये, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांमध्ये, एका अक्षराची शेपटी दुसऱ्याला भिडवावी लागली. आपला सांधा तर अक्षराच्या माथ्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर!

आणि ते रंगाचे शिंतोडे आधी काढा. 'कूं'वरचा अनुस्वार त्यांत हरवलाय, आणि 'म'वर पडलेल्या थेंबामुळे लोक 'कोकमं' वाचतील.

खरं सांगू? दोन शब्दांसाठी फॉन्ट घेऊच नका. कमल शेडगे नाटकांची नावं हातानेच रेखायचे, म्हणून प्रत्येक नाटकाला आपलं अक्षर मिळायचं. तुमच्या गावातल्या पेंटरकडून चपट्या ब्रशने, पोस्टर कलर घट्ट ठेवून, जाड खरबरीत कागदावर भरपूर वेळा लिहून घ्या. चिरा कागदच देतो. त्यातलं आवडेल ते ६०० डीपीआयला स्कॅन करा.

घटक, वजन, तारीख मात्र ब्रशमध्ये अजिबात नको. ते वाचता आलंच पाहिजे. त्यासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्ता' हा फॉन्ट घ्या, मोफत मिळतो. आणि प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत बदलून द्या, नाहीतर त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला की भलताच येऊन बसतो.