क्लबहाउसमध्ये डबा ठेवू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या बिल्डिंगचा जिना डोळ्यांपुढे आला. पाडव्याआधीच्या रविवारी ६ ते १० वयाच्या मुलांकडून टाकाऊतून टिकाऊ वसंत सजावट करून घ्यायची, आणि त्यासाठी महिनाभर आधी क्लबहाउसमध्ये मोठा डबा ठेवून सगळ्यांकडून सामान जमवायचं, असा तुमचा बेत दिसतोय. बेत झकास आहे. डबा तेवढा ठेवू नका.

आम्ही ठेवला होता. सोसायटीच्या ऑफिसात विचारूनच ठेवला. "ठेवा की मॅडम, जिन्याखाली जागाच जागा आहे," हे शब्द मी या कानांनी ऐकलेत. पोरांनी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, जुन्या लग्नपत्रिका, धुतलेले टेट्रापॅक असं काय काय आणून टाकलं. एका आजींनी करवंट्या घासूनपुसून दिल्या होत्या. शिबिराच्या आदल्या संध्याकाळी खाली गेले, तर जिन्याखाली फिनेलचा वास आणि लख्ख फरशी. कोणीतरी पाहणीला येणार होतं म्हणे, म्हणून सगळं घंटागाडीत. विचारायला गेले तर "तुमची लेखी परवानगी कुठाय?" बरं, लेखी अर्ज देते म्हटलं, तर तो कमिटीच्या मीटिंगमध्ये ठेवणार, आणि मीटिंग पाडव्यानंतर! वर 'सामायिक जागेत अडगळ' अशी नोटीस माझ्याच नावाने. ती अजून फाइलला आहे. त्याच रात्री आईबाबांनी स्टेशनरीच्या दुकानातून आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले नवे ट्रे विकत आणले. टाकाऊ म्हणून नवं सामान विकत! नोटिशीपेक्षा हे जास्त झोंबलं.

तुमचं ऑफिस चांगलं असेलही, सगळीकडे एकच माप लावता येत नाही. पण तोंडी 'हो'वर महिनाभराचं सामान सोपवू नका. प्रत्येक मुलाने आपापल्या घरी एक पिशवी ठेवावी आणि रविवारी घेऊन यावी. यादी चारच वस्तूंची द्या, लांबलचक दिलीत की आया वैतागतात. आणि हॉलची परवानगी मात्र लेखी, शिक्क्यासह घ्या.

कात्री, वर्तमानपत्रं अंथरणं वगैरे तुम्हाला माहीत असणारच. काय करायचं याबद्दल माझं मत जरा कडक आहे, पटलं तर घ्या. इंटरनेटवरचे ट्यूलिप आणि ससे नकोत. आपल्या वसंतात पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, मुलांना तीच करू द्या. काटेसावर सगळ्यांत सोपी, कारण ती फुलते तेव्हा झाडावर पान नसतं. खाली पडलेली सुकी फांदी आणली की अर्धं काम झालं.

अंड्याच्या ट्रेची एक वाटी कापली की फूल आयतं मिळतं. पण वाटीला कोपरे चार, आणि काटेसावरीला पाकळ्या पाच. आमच्याकडे दुसरीतल्या एका मुलीने हे बरोबर पकडलं. दुसऱ्या वाटीचा एक कोपरा कापून आतून चिकटवला की पाचवी पाकळी होते. मधल्या केसरांसाठी जुन्या लाल ओढणीच्या दशा. रंगासाठी आधी हळदीचं पाणी आणि त्यावर खायच्या सोड्याचं पाणी. करडा पुठ्ठा बघता बघता पिवळ्याचा विटकरी होतो आणि पोरं ओरडतात. हा रंग उन्हात उडतो आणि कपड्यांवरून लवकर जात नाही, दोन्ही आधीच सांगून ठेवा.

ट्रेबद्दल एक खबरदारी (मी डॉक्टर नाही): अंडं फुटून डाग पडलेला ट्रे सरळ फेका. पुठ्ठा धुता येत नाही. बाकीचे कडक उन्हात ठेवा आणि काम झालं की सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा.

चिकटवायला मैद्याची खळ करा. ताजी करून त्याच दिवशी संपवा. कोणी सांगेल की टिकायला मोरचूद घाला, पूर्वी पुस्तकं बांधणारे घालायचेच. मुलं आहेत तिथे अजिबात नको, ते विष आहे. खळ फक्त कागद-पुठ्ठ्यापुरती, दुधाच्या पिशवीवर किंवा टेट्रापॅकवर ती धरत नाही. तिथे भोकं पाडून दोऱ्याने शिवा.

चमकी आणि थर्माकोलला दारातूनच परत पाठवा. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे, तरी कोणीतरी हौसेने आणतंच. चमकीचं मला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंनी समजावलं. पुण्यात आमच्याकडचा कचरा त्याच नेतात. "ताई, कोरा पुठ्ठा आम्ही विकतो. तुम्ही त्याला चमकी आणि डिंक फासला की तो आमच्या काय कामाचा?" म्हणजे विकला जाणारा पुठ्ठा आपण कौतुकाने कचऱ्यात घालतो. म्हणून आम्ही आता दोरा, सुतळी वापरतो. पाडवा झाला की उसवायचं आणि पुठ्ठा रद्दीत द्यायचा. "आमची कलाकृती मोडता?" असं एखादे बाबा विचारतील. त्यांना ती घरी नेऊ द्या.

आणि सगळी मुलं फुलांत रमत नाहीत. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना हलणारं काहीतरी लागतं. त्यांच्यासाठी लग्नपत्रिकेचं भिरभिरं ठेवा: जाड कागद, खराट्याची काडी, मध्ये रिकाम्या रिफिलचा तुकडा, म्हणजे ते अडत नाही. अरविंद गुप्तांनी टाकाऊतून केलेली खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे सांगाडे तर जरूर बघा. मात्र व्हॉल्व्ह ट्यूब आता प्रत्येक सायकलवाल्याकडे मिळत नाही, आधी चौकशी करा.

टेट्रापॅक यादीत घेणार असाल तर आईबाबांना आजच कळवा. ताकाचा पॅक दोन दिवस न धुता राहिला तर वास जाता जात नाही, आणि असे दोन आले की सगळा हॉल त्याच वासाचा.